रंगरुटाची पत्रं: युद्धकाळातलं पुडकं उघडावं कसं, वाचावं कसं

रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर, नगर, जुना कुलाबा (आताचा रायगड) या भागांतल्या पुष्कळ घरांत माळ्यावर एखादी लोखंडी ट्रंक असते आणि तिच्या तळाशी सुतळीने बांधलेलं पत्रांचं पुडकं. आजोबा किंवा पणजोबा दुसऱ्या महायुद्धात पलटणीत होते एवढंच घरात ठाऊक असतं. १९३९ साली साधारण दोन लाखांचं हिंदी सैन्य १९४५ पर्यंत पंचवीस लाखांच्या घरात गेलं, तेही सक्तीची भरती न करता. गावाकडचा मुलगा भरती झाला की रंगरूट, म्हणजे नवशिका शिपाई म्हणून, आधी ट्रेनिंगला जायचा. कोणी बेळगावला पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरात, कोणी खडकीला बॉम्बे सॅपर्स या इंजिनिअर पलटणीत, कोणी १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावातच उभ्या राहिलेल्या महार रेजिमेंटमध्ये. मागे गावात नुकतं लग्न झालेली बायको असायची, नाहीतर लग्न ठरलेली मुलगी.

असं पुडकं हाती आलं तर काय करायचं, ते पुढे सांगितलं आहे. वाचताना एक गोष्ट मात्र सतत ध्यानात ठेवा. यातलं जवळजवळ कुठलंच पत्र दोघांपुरतं नव्हतं. त्याला लिहिता येत नसेल तर कंपनीतल्या दुसऱ्याने लिहून दिलेलं, फील्डवर गेल्यावर अधिकाऱ्याने तपासलेलं, आणि गावात मास्तरांनी नाहीतर पोस्टमनने ओसरीवर सगळ्यांदेखत वाचून दाखवलेलं. एवढ्या कानांमधून तिच्यापर्यंत काही पोचवायचं तर ते आडून सांगावं लागे. म्हणून ‘तुझी आठवण येते’ हे वाक्य शोधू नका, ते बहुधा सापडणार नाही. आठवण मायन्यात असते, चौकश्यांत असते, मनीऑर्डरच्या कूपनवर असते.

सुतळी सोडण्याआधी

पहिला फोटो बांधलेल्या पुडक्याचा काढा, वरून आणि चारही बाजूंनी. कोणीतरी ती पत्रं त्या क्रमाने ठेवली होती आणि तो क्रम एकदा मोडला की परत लागत नाही. मग एकेक पत्र उचलताना मागच्या बाजूला खालच्या कोपऱ्यात एचबी पेन्सिलीने, अजिबात जोर न देता, अनुक्रमांक घाला. पेन नको, स्टिकर नको. लिफाफा आणि आतलं पत्र यांना एकच नंबर द्या आणि दोघांची ताटातूट करू नका. लिफाफ्यावरचा शिक्का गेला तर आतल्या बिनतारखेच्या पत्राचा आधारच गेला.

हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा. हातमोज्यांनी उलट कागदाची कड कळत नाही आणि तो फाटतो. गंजलेली टाचणी ओढून काढू नका. टाचणी आणि कागद यांच्यामध्ये पातळ प्लॅस्टिकची पट्टी सरकवा, म्हणजे गंज कागदाला घासणार नाही, आणि टाचणी जशी आत गेली तशी मागे घ्या.

युद्धकाळातला कागद बहुतेक वेळा हलका, लाकडाच्या लगद्याचा असतो. तो पिवळा पडतो आणि घडीवर मोडतो. घडी कडक झाली असेल तर जबरदस्तीने उलगडू नका. त्याआधी लिहिलंय कशाने ते पाहा, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

त्या काळी कॉपिंग पेन्सिल सर्रास वापरात होती. तिचं अक्षर कोरडं असताना राखाडी दिसतं, पण आत जांभळा रंग असतो आणि ओल लागली की तो फुटून पसरतो. ती ओळखायची एक खूण आहे. भिंगातून पाहिलं तर एखादा शब्द गडद जांभळा आणि पुढचे चार-पाच शब्द फिके राखाडी दिसतात. लिहिणाऱ्याने पेन्सिलीचं टोक जिभेला लावून ओलं केलं, की पुढचा शब्द गडद उमटतो. म्हणजे हात कुठे थांबला आणि कुठे पुन्हा सुरू झाला, ते कागदावर दिसतं. सांगून लिहून घेतलेल्या पत्रात अशा जागा नीट पाहाव्यात. घरच्या एखाद्या माणसाचं नाव येण्याआधी दरवेळी असा थांबा दिसला, तर ते टिपून ठेवण्यासारखं आहे.

शाई असेल तर कोपऱ्यातल्या एखाद्या टिंबावर किंचित ओलसर कापसाची काडी फक्त टेकवून पाहा, घासू नका. काडीला रंग आला, किंवा कॉपिंग पेन्सिलीची नुसती शंका आली, तरी त्या पत्राला पाण्याचा वारासुद्धा लागू देऊ नका. ते दोन टीपकागदांमध्ये ठेवा, वर हलकं पुस्तक ठेवा आणि आठवडाभर रोज थोडं थोडं उघडत न्या.

रंग सुटत नसेल तर घडी सैल करायला झाकणाचा मोठा प्लॅस्टिकचा डबा घ्या. तळाशी वाटीत पिळून काढलेला ओला स्पंज, त्यावर उंचावर प्लॅस्टिकची जाळी आणि जाळीवर पत्र. पाण्याचा थेंब पत्राला लागता कामा नये. झाकण लावून दर अर्ध्या तासाने पाहा. दोन ते चार तासांत कागद मऊ होतो. मग टीपकागदांत घालून वर सारखं वजन ठेवा, दोन तासांनी टीपकागद बदला आणि रात्रभर राहू द्या. डबा रात्रभर तसाच विसरलात तर बुरशी येऊ शकते. 

पत्रावर पिवळे-लाल ठिपके दिसले तर ते पुसू नका. शुभकार्याच्या पत्राला हळदकुंकू लावायची रीत होती. लग्नाच्या तिथीचं किंवा बारशाचं पत्र ओळखायला तीच खूण उपयोगी पडते. हळद उन्हाने उडते, म्हणून असं पत्र उजेडात पसरून ठेवू नका.

आधी लिफाफा वाचा

शिक्का दहापट भिंगातून, तिरप्या उजेडात पाहा. नावं इंग्रज अमदानीतल्या स्पेलिंगमध्ये असतात, त्यामुळे पुणे ‘पूना’, खडकी ‘किरकी’, कामठी ‘कॅम्प्टी’ असं दिसेल. पुष्कळदा दोन शिक्के सापडतात, एक पाठवणाऱ्या पोस्टाचा आणि एक गावाकडच्या पोस्टाचा. दोन्ही तारखा वहीत लिहा. बेळगावहून कोकणातल्या खेड्यात पत्र किती दिवसांत येत होतं ते त्यावरून कळतं, आणि उत्तर यायला महिना का लागला याचं कारण रुसवा नसून खाडी आणि पायवाट आहे, हेही कळतं.

तिकीट कापून घेतलेलं असेल तर शिक्काही गेला. तिकीट जागेवर असेल तर त्यावरून ‘याच्या आधीचं नाही’ एवढं ठरवता येतं. सहाव्या जॉर्जचं अर्ध्या आण्याचं तपकिरी तिकीट १९३७ च्या मालिकेतलं. अर्ध्या आण्याचंच जांभळं तिकीट १९४२ च्या ऑक्टोबरपासूनचं. विजयाची तिकिटं जानेवारी १९४६ मध्ये निघाली. जुना साठा वर्षानुवर्षं वापरला जाई, म्हणून तिकिटावरून ‘याच्या नंतरचं नाही’ असं कधीच म्हणू नका.

पत्त्यातला हुद्दा प्रत्येक लिफाफ्यावरून उतरवून घ्या. सुरुवातीला नंबरापुढे ‘रिक्रूट’ किंवा ‘रंगरूट’ येतं आणि एका पत्रापासून ‘शिपाई’ येऊ लागतं. त्या दोन पत्रांच्या मध्ये त्याची कसम परेड झाली. पलटणीतला नंबर अचूक उतरवा. पुढे रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसकडे किंवा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करताना नावापेक्षा नंबर जास्त कामाला येतो, कारण एकाच कंपनीत एका नावाचे दोघे-तिघे असत.

ट्रेनिंग सेंटरातून साध्या टपालाने आलेल्या पत्रावर तिकीट आणि गावाचा शिक्का असतो. एके दिवशी गावाचं नाव नाहीसं होतं, ‘एफपीओ’ (फील्ड पोस्ट ऑफिस) आणि एक आकडा येतो, बाजूला सेन्सॉरचा शिक्का आणि ‘ऑन अ‍ॅक्टिव्ह सर्व्हिस’. तो ड्राफ्टात गेला, म्हणजे फील्डवर निघालेल्या तुकडीत. फील्ड पोस्ट ऑफिसचा आकडा ठिकाण लपवण्यासाठीच असे आणि ते पोस्ट फौजेबरोबर हलत असे. म्हणून नुसत्या आकड्यावरून गाव ठरवू नका, आकडा आणि तारीख दोन्ही जुळली पाहिजेत. जुन्या टपालाचा संग्रह करणाऱ्यांकडे याच्या याद्या असतात. ‘५६ एपीओ’ (आर्मी पोस्ट ऑफिस) दिसलं तर मात्र पत्र स्वातंत्र्यानंतरचं आहे, ते वेगळं ठेवा.

पाच इंच बाय चार इंचांचा फोटोसारखा कागद आणि त्यावर बारीक झालेलं हस्ताक्षर, असं काही निघालं तर तो एअरग्राफ आहे. ही सोय १९४१ साली सुरू झाली. मोठ्या फॉर्मवर लिहिलेल्या मजकुराची फिल्म काढत, फिल्म विमानाने जाई आणि पलीकडे तिच्यावरून छापून वाटप होई. तो फोटो समजून फोटोंच्या अल्बममध्ये डकवलेला असतो, म्हणून अल्बमही चाळा. छापील वाक्यांचं कार्ड निघालं आणि त्यातली बरीच वाक्यं खोडलेली असली, तर ते फील्ड सर्व्हिस कार्ड. त्यात न खोडलेलं वाक्य हाच निरोप असतो. स्वतःचा एक शब्द वाढवला तरी कार्ड नष्ट केलं जाईल, असं त्यावरच छापलेलं असे. अशा कार्डाला कोरडं म्हणू नका. त्याला यापलीकडे काही लिहिता येत नव्हतं.

तारीख लावणं

इंग्रजी तारीख नसेल तर शक असतो. शकात ७८ मिळवा. पण माघ आणि फाल्गुन यांना ७९ मिळवायचे, कारण शक चैत्रात बदलतो आणि इंग्रजी साल जानेवारीत. शके १८६५ चा माघ म्हणजे १९४४, १९४३ नव्हे. पुडक्यांच्या याद्यांत ही चूक वारंवार दिसते आणि त्यामुळे उत्तर आधी, प्रश्न नंतर असा घोळ होतो. पौष महिना डिसेंबर-जानेवारीच्या सांध्यावर पडतो, तिथे पंचांगच पाहावं लागतं.

शकाचा आकडा नसून नुसतं संवत्सराचं नाव असेल तर हा क्रम वापरा. १९३९ च्या पाडव्यापासून प्रमाथी, १९४० विक्रम, १९४१ वृष, १९४२ चित्रभानु, १९४३ सुभानु, १९४४ तारण, १९४५ पार्थिव. लिहून देणारा उत्तरेकडचा असेल तर त्याचा महिना पौर्णिमेला संपतो, त्यामुळे वद्य पक्षातली तिथी आपल्या हिशेबाने एक महिना पुढची लिहिलेली असते.

मजकुरातल्या बारीकसारीक गोष्टीही तारीख देतात. घड्याळ एक तास पुढे केल्याचं लिहिलं असेल तर ते पत्र १ सप्टेंबर १९४२ आणि ऑक्टोबर १९४५ चा मध्य यांच्यामधलं. भोकाचा पैसा आला असेल तर १९४३ किंवा त्यानंतरचं.

अक्षर कोणाचं?

पुडक्यातली सगळी पत्रं टेबलावर शेजारी शेजारी मांडा आणि हस्ताक्षरांप्रमाणे गट करा. एका माणसाच्या पत्रांत तीन-चार हस्ताक्षरं निघाली तर घाबरू नका. ज्याला लिहिता येत होतं तो सगळ्या बराकीची पत्रं लिहून देई. लेखक बदलला की भाषा बदलते, सुरुवातीचे मानाचे शब्द बदलतात, शुद्धलेखनही बदलतं. म्हणून ‘या पत्रात तो तुटक वाटतो’ असं म्हणण्याआधी अक्षर तेच आहे का ते पाहा. सगळ्या हस्ताक्षरांत जे सारखं येतं तेवढंच खात्रीने त्याचं स्वतःचं.

कधीकधी एखाद्या पत्राच्या शेवटी वेडीवाकडी सही येते. दोन-तीन महिन्यांनी खाली एक ओळ त्याच वेड्यावाकड्या अक्षरात, मग चार ओळी. फौजेत लिहा-वाचायला शिकवत. पण तिथे चाले रोमन लिपीतलं हिंदुस्थानी, त्यामुळे इंग्रजी अक्षरांत लिहिलेली मराठी वाक्यंही सापडतात. ती इंग्रजी समजून बाजूला टाकलेली असतात. मोठ्याने वाचून पाहा, कानाला मराठी लागेल. शाळेत लिहायला न मिळालेला मुलगा लेखकाच्या हातातली पेन्सिल घेऊन स्वतःची पहिली ओळ कोणासाठी लिहितो, ते ती ओळच सांगते. अशी पत्रं सर्वांत जपून ठेवा.

मोडी असेल तर ती डोक्यावरच्या एकाच लांब रेघेवरून ओळखा. रेघ आधी मारून अक्षरं तिला लटकवलेली असतात आणि शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ इ आणि उ वेगळे नसतात, तेव्हा लिप्यंतर करताना ते आपल्या मनाने ‘शुद्ध’ करू नका. पुराभिलेख विभाग आणि पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ यांच्याशी जोडलेली मोडी वाचणारी माणसं आहेत. त्यांना मूळ पत्र न देता नीट काढलेला फोटो द्या.

मायना आणि मंडळी

आता मुख्य काम. मायना अक्षर न् अक्षर उतरवा, ‘नेहमीचंच’ म्हणून गाळू नका. ‘ती.’ म्हणजे तीर्थरूप, वडीलधारे. ‘चि.’ धाकटे. ‘शि. सा. न. वि. वि.’ म्हणजे शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष. आईच्या नावामागे एका पत्रात ‘सौ.’ आणि पुढच्यात ‘गं. भा.’ आलं, तर त्या दोन पत्रांच्या मध्ये वडील गेले, पत्रात त्याचा दुसरा उल्लेख नसला तरी. मरणाचं पत्र वाचून फाडून टाकायची रीत होती, म्हणून ते पत्र पुडक्यात नसणारच.

मुलीच्या नावामागे ‘चि. सौ. कां.’ असेल तर ती सौभाग्यकांक्षिणी, म्हणजे लग्न अजून व्हायचं आहे. पुढे ‘सौ.’ झालं की लग्न झालं. रजा घेऊन लग्न उरकून परत गेलेल्या रंगरुटाच्या लग्नाचा महिना या एका बदलावरून काढता येतो.

पण पत्र तिच्या नावाने असणं हीच दुर्मीळ गोष्ट. नवऱ्याने थेट बायकोला लिहिणं घरात चालत नसे. पत्र वडिलांना किंवा थोरल्या भावाला जाई आणि ती त्यात नाव न घेता, नात्याने, आडोशाने येई. इथे आजचा वाचक हमखास फसतो तो ‘कुटुंब’ आणि ‘मंडळी’ या दोन शब्दांवर. ‘कुटुंबाची तब्येत कशी आहे ते कळवणे’ यातलं कुटुंब म्हणजे सगळं घर नव्हे, बायको. ‘मंडळी माहेरी गेली की इथेच आहेत’ यातली मंडळीही तीच. ‘घरात’, ‘घरातली माणसं’, मूल झालं असेल तर ‘मुलाची आई’, हेही तिचेच उल्लेख. हे शब्द प्रत्येक पत्रात पेन्सिलीने नव्हे, तुमच्या वहीतल्या नकलेत अधोरेखित करत जा. दहा पत्रं झाली की दिसेल, रुक्ष वाटलेलं पत्र तिच्याच चौकशीने भरलेलं आहे.

लग्न ठरलेली मुलगी मामाची असेल, आणि मामाची मुलगी करण्याची चाल पुष्कळ ठिकाणी होती, तर रंगरुटाची मामाला जाणारी पत्रं मोजा. आईपेक्षा मामाला जास्त पत्रं जात असतील आणि त्यांत घरातल्या एकूणएक माणसाची, अगदी बैलांचीही, नावानिशी विचारपूस असून एकच नाव कुठेच नसेल, तर ते न लिहिलेलं नाव कोणाचं हे घरातल्या जुन्या माणसांना विचारा.

नंतर चौकश्यांकडे वळा. तो काय विचारतो याची यादी करा आणि समोर लिहा, ते काम घरात कोण करत होतं. विहिरीचं पाणी उन्हाळ्यात पुरतं का, की ओढ्यावर जावं लागतं? पाणी कोण आणत होतं? म्हैस व्याली का, दूध किती निघतं? धार कोण काढत होतं? जातं टाकवून, म्हणजे टाकी लावून, घेतलं का? दळण कोणाकडे होतं? वडिलांसमोर मोठ्याने वाचल्या जाणाऱ्या पत्रात ‘तिला फार कष्ट पडतात का’ हे विचारायची ही वाट होती. ऐकणाऱ्या तिला ते कळत होतं.

प्रत्येक ओळीत मात्र गुपित शोधू नका. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या हिंदी शिपायांनी ‘काळी मिरी’ आणि ‘लाल मिरची’ असे शब्द वापरून आपल्या आणि गोऱ्या पलटणींच्या हानीची बातमी घरी पोचवायचा प्रयत्न केला होता आणि सेन्सॉरच्याही ते लक्षात आलं होतं. तसं सांकेतिक बोलणं होत असे, पण घरच्या पत्रात मिरची बहुतेक वेळा मिरचीच असते. एकच विचित्र उल्लेख तीनदा आला आणि त्याला उत्तरही विचित्र आलं, तरच थांबून विचार करा.

बराकीतले शब्द अडतात तेही सांगून ठेवतो. फालीन म्हणजे रांगेत उभं राहण्याचा हुकूम, चांदमारी म्हणजे नेमबाजी आणि तिची जागा, कोत म्हणजे हत्यारांची खोली, लंगर म्हणजे जेवणाची सोय, उस्ताद म्हणजे शिकवणारा, नाव कटणं म्हणजे पलटणीतून कमी होणं. ‘नाव कटलं’ हे वाचून कोणी मेलं असं समजू नका.

कूपनं शोधा

पुडक्यात पत्रांपेक्षा मोलाचा कागद सापडतो तो मनीऑर्डरचं कूपन. फॉर्मच्या खालच्या भागात निरोपासाठी दोन-तीन बोटं जागा असे. पैसे देताना पोस्टमन फॉर्मवर सही किंवा अंगठा घेई आणि कूपन फाडून हातात देई. पत्र ओसरीवर सगळ्यांसाठी वाचलं जाई, पण मनीऑर्डर तिच्या नावाने आली असेल तर कूपन तिच्या हातात राही. म्हणून ती कूपनं बऱ्याचदा पुडक्यात नसतात. पोथीच्या पानांत, देवाच्या तसबिरीच्या मागे, कुंकवाच्या करंड्याखाली, जुन्या लुगड्याच्या घडीत पाहा.

कूपनांची वेगळी यादी करा: तारीख, रक्कम, कोणाच्या नावाने, निरोप. ती पत्रांच्या यादीशेजारी ठेवा. वडिलांच्या नावाने येणारी रक्कम आणि तिच्या नावाने येणारे दोन-तीन रुपये, त्यातलं कोणतं केव्हा सुरू झालं ते पाहा.

खंड पडतो तेव्हा

सगळ्या तारखा एका ओळीत लावल्या की मोकळ्या जागा दिसतात. त्याचा अर्थ लावायची घाई नको. आधी बाहेरचं कारण तपासा. ऑगस्ट १९४२ नंतर ठिकठिकाणी तारा तुटल्या, पोस्टं जळाली. सातारा जिल्ह्यातून पलटणीत मुलं जात होती आणि त्याच जिल्ह्यात पुढे पत्री सरकार चालू होतं. एका घरात एक भाऊ बेळगावला आणि दुसरा भूमिगत, असं असेल तर पत्रं मुद्दामही जाळलेली असतात. दुसरं कारण जहाज. ड्राफ्ट निघाला की काही आठवडे टपाल येत नाही आणि मग दोन-तीन पत्रं एकदम येतात. तिसरं, ती बाळंतपणाला माहेरी गेलेली असते आणि त्या महिन्यांची पत्रं माहेरच्या ट्रंकेत असतात. तिच्या माहेरी विचारल्याशिवाय पुडकं पूर्ण झालं असं म्हणू नका.

जपणं

लॅमिनेशन करू नका. उष्णता आणि चिकट थर यांनी कागद कायमचा जातो, ते परत काढता येत नाही. सेलोटेप पाच-दहा वर्षांत पिवळी पडून शाई खाते. फाटलेलं पत्र न चिकटवता पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनच्या स्वच्छ पाकिटात ठेवा, तुकडे आपोआप जागी राहतात. उग्र वास येणारं मऊ प्लॅस्टिक पीव्हीसीचं असतं, ते नको.

स्कॅन सपाट काचेच्या स्कॅनरवर करा, कागद आत ओढणाऱ्या यंत्रात कधीच नाही. साध्या पत्राला ३०० डीपीआय पुरतं, फिकट पेन्सिलीला ६००. मोबाइलने काढायचं तर खिडकीच्या उजेडात, ऊन थेट नको, फ्लॅश बंद, फोन कागदाला समांतर. दोन्ही बाजू, लिफाफ्याची पाठ आणि आतली झडपही घ्या. उरलेली जागा मिळाली म्हणून झडपेवर लिहिलेलं असतं. अक्षर दिसेनासं झालं असेल तर एका बाजूने तिरपा दिवा टाकून फोटो काढा, पेन्सिलीचा दाब उमटलेला दिसतो. फाइलला ‘१९४३-०८-१७_बेळगाव_१२_मागे’ असं साल आधी असलेलं नाव द्या, म्हणजे क्रम आपोआप लागतो.

बुरशी दिसली तर तोंडाला एन-९५ मास्क लावून, घराबाहेर, पत्र आधी पूर्ण कोरडं होऊ देऊन, मऊ ब्रशने बाहेरच्या दिशेने झाडा. ओली बुरशी पुसली की ती कागदात घुसते. कसर लागली असेल तर पत्रं दोन पॉलिथिनच्या पिशव्यांत हवाबंद करून उणे अठरा अंशांच्या फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर चोवीस तास पिशवी उघडू नका, नाहीतर थंड कागदावर पाणी धरतं. कॉपिंग पेन्सिलीच्या पत्रांना तर हे फारच महत्त्वाचं. डांबरगोळ्या कागदाला टेकवून ठेवू नका.

ठेवायला आपला जुना रुमाल उत्तम. धुऊन खळ काढलेल्या मांजरपाटाच्या चौकोनात, पत्रांच्या खाली-वर आम्लरहित पुठ्ठा घालून सैल बांधा. पेशवे दप्तराचे कागद असेच रुमालात बांधलेले होते. ट्रंक जमिनीला आणि बाहेरच्या भिंतीला लागून नको, माळ्यावर तर नकोच, तिथे उन्हाळ्यात भट्टी आणि पावसाळ्यात गळती. कोकणात जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी कोरड्या दिवशी रुमाल सोडून बघा. भिंतीवर लावायचं असेल तर छापलेली प्रत लावा.

पत्रं इतरांना दाखवण्याआधी घरच्यांना विचारा. कागद ज्याच्याकडे आला त्याचा असला तरी मजकुरावरचा हक्क लिहिणाऱ्याचा आणि त्याच्यामागे त्याच्या वारसांचा असतो. ती आजी हयात असेल तर सर्वांत आधी तिलाच, एकटीला, विचारा. चार नातवंडं समोर बसवून वाचून घेऊ नका. तेव्हाही ते पत्र तिला चारचौघांत ऐकावं लागलं होतं.

शेवटी तिच्या उत्तरांचा शोध. ती फार थोडी उरतात. तिला लिहिता येत नसेल तर दुसऱ्याने लिहिलेली, आणि शिपाई खिशात वागवणार किती? तरी त्याच्या सर्व्हिस बुकाच्या कव्हरमध्ये, मेडलांच्या डबीच्या अस्तराखाली, बिस्तऱ्याच्या पट्ट्याच्या शिवणीत पाहा. चार-चार घड्या घातलेलं, घडीवर तुटलेलं, घामाने तपकिरी झालेलं कार्ड निघालं तर ते वेगळ्या पाकिटात नेऊ नका. त्यावरची तारीख काढा आणि ज्या पत्राचं ते उत्तर आहे, त्या पत्राच्या लगेच खाली, त्याच रुमालात ठेवा.